डाव्या बाजूचा माणूस

भगवंतराव काळमेघांच्या मारुतीला आरसा एकच होता, उजवीकडचा. त्या जुन्या गाड्यांना डावीकडे आरसा नसायचाच, तो वेगळा बसवून घ्यावा लागे. अमरावतीत ज्यांनी ज्यांनी तशी गाडी घेतली त्यांनी महिन्याभरात बसवूनही घेतला. भगवंतरावांनी नाही घेतला. "डावीकडे माणूस बसते ना," असं त्यांचं म्हणणं. माणसाला डोळे असतात, तोंड असतं, वर तो गप्पाही मारतो. मग आरशाचे लाड कशाला?

म्हणणं काही वाईट नव्हतं, फक्त त्याला डावीकडे माणूस लागत होता. आधी बायको, जमुनाबाई बसायच्या. त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा दुकानांतल्या साड्यांवर जास्त, तरी "अहो, म्हैस!" हे शब्द अगदी वेळेवर यायचे. त्या गेल्या, तेव्हा गाडी कितीतरी महिने पोर्चमध्ये उभी राहिली आणि तिच्याखाली मांजरीने पिल्लं घातली. मग डावीकडच्या त्या जागेवर अब्दुल गफ्फार येऊन बसले.

भगवंतरावांची नोकरी टेलिफोन खात्यातली. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या लाइनी जोडून दिल्या, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याच घरचा फोन आठवड्यातून एकदा वाजायचा. पुण्याहून अमोलचा, रविवारी सकाळी. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही. पण "जेवले का" आणि "गोळी घेतली का" हे दोन प्रश्न झाले की बाप-लेकांची गाडी अडायची, आणि मग अमोल म्हणायचा, "बाबा, तो डावा आरसा लावून घ्या ना एकदाचा." भगवंतराव म्हणायचे, "गफ्फार हाय ना."

राहिला टीव्ही. तो दात घासायच्या आधी सुरू व्हायचा. भगवंतराव टीव्ही पाहायचे असं म्हणणं बरोबर होणार नाही, ते टीव्हीशी भांडायचे. त्या वर्षांत बातम्यांमध्ये वऱ्हाडच वऱ्हाड होता. दिल्ली-मुंबईहून कॅमेरे यायचे, ज्या घरातल्या शेतकऱ्याने जीव दिला त्या घरात शिरायचे, हार घातलेला फोटो दाखवायचे, मग बाईचा चेहरा, मग भेगाळलेली जमीन. भर पावसाळ्यातही जमीन भेगाळलेलीच. "अबे, कुठची हाय ही जमीन? आमच्या इथं गुडघाभर चिखल झाला अन् हा कोठून भेगा आणून राहिला?" भगवंतराव पडद्यावरच्या पोराला विचारायचे. पोरगं काही उत्तर द्यायचं नाही. शेजारच्या बेबीताई कंपाउंडवरून वाकून म्हणायच्या, "भाऊ, पाहुणे आले काय? आवाज येऊन राहिला." पाहुणे नाहीत हे सांगायची भगवंतरावांना लाज वाटे. "हो, बसले हायेत," असं काहीतरी बोलून ते आत जायचे.

पूर्वी रविवार म्हणजे रोडगे. नांदगाव खंडेश्वरच्या मित्राच्या, पंजाबरावांच्या वावरात गोवऱ्यांचा आर पेटवायचा, त्यात कणकेचे गोळे भाजायचे, ते फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या तिखटजाळ भाजीशी खायचे. खाऊन झालं की निंबाखाली आडवं व्हायचं आणि गावातल्या यच्चयावत माणसांची निंदा करायची. एका हिवाळ्यात पंजाबरावांनीच हात जोडले. "आता नका येऊ गड्यांनो. गावात एका घरची तेरवी होत नाही तं दुसऱ्या घरचा माणूस जाते. आपल्या वावरातून धूर निघाला तं लोकांले काय वाटन?" रोडगे बंद झाले. पुढे पंजाबराव नागपूरला लेकीकडे राहायला गेले आणि रविवारचे दोघेच उरले, भगवंतराव आणि गफ्फारभाई.

गफ्फारभाई एस.टी.त कंडक्टर होते, सगळी नोकरी अकोला डेपोत, त्यामुळे घरही तिकडेच बांधलेलं. पण मूळचे दोघं अमरावतीच्या बुधवाऱ्यातल्या एकाच गल्लीतले, एकाच मास्तरचा मार खाल्लेले. दर रविवारी गफ्फारभाईंचा मुलगा जुबेर त्यांना अकोल्याला गाडीत बसवून द्यायचा आणि भगवंतराव मारुती घेऊन बडनेऱ्याच्या स्टेशनावर जायचे. घर ते स्टेशन एवढीच गाडी ते एकट्याने चालवायचे, तीही जीव मुठीत धरून. गफ्फारभाई डावीकडे बसले, बायकोने, खुर्शीदबींनी दिलेला नानखटाईचा डबा मांडीवर ठेवला, दार लावलं, की बोटांच्या पेरांनी समोरच्या पत्र्यावर दोनदा वाजवायचे. टक टक. डबल बेल. ती झाल्याशिवाय भगवंतराव गाडी हलवत नसत.

जायचं कुठेच नसायचं. राजापेठ, राजकमल, जयस्तंभ, इर्विन, पंचवटी, वडाळीच्या तलावापर्यंत आणि परत. अमरावतीत गाडी चालवायची म्हणजे नियम माहीत असून भागत नाही, स्वभाव माहीत असावे लागतात. ऑटोवाला वळताना हात दाखवत नाही, पाय बाहेर काढतो. दुधवाला मागे पाहत नाही, कारण मागचा आपल्याला पाहतो आहे यावर त्याची श्रद्धा असते. आणि चौकात बसलेला बैल कोणासाठीच उठत नाही. या सगळ्यातून गफ्फारभाई गाडी काढायचे. "आन दे... आन दे... ऑटो हाय, रुक... आता काढ." भगवंतराव फक्त उजवीकडे पाहायचे. डावं अर्धं जग त्यांनी मित्राच्या हवाली करून टाकलं होतं, आणि आठवड्यातले तेवढेच तास त्यांना एकटं वाटत नसे.

अलीकडे मात्र गफ्फारभाईंच्या खोडी वाढल्या होत्या. पूर्वी ते स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर सापडायचे, आता फलाटावरच्या बाकावर बसून राहायचे, आणि भगवंतरावांना आत जावं लागे. हिवाळ्यातही गाडीची काच खाली ठेवायचे. "हवा येऊ दे," म्हणायचे. घरी आल्यावर टीव्हीचा आवाज मोठा करायला लावायचे, आणि बातमी आली की विचारायचे, "कोणतं गाव म्हणते?" गावाचं नाव खाली ठसठशीत लिहिलेलं असायचं. "वाच ना, लिहून आलं ते," भगवंतराव खेकसायचे, आणि मग स्वतःच वाचून दाखवायचे. म्हातारचळ, दुसरं काय, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. माणसाला दुसऱ्याचं म्हातारपण फार लवकर दिसतं.

दिवाळी होऊन गेली होती. नेहमीसारखाच रविवार, इर्विन चौक. डावीकडे वळायचं होतं.

"आन दे," गफ्फारभाई म्हणाले. "आन दे, रस्ता खाली हाय."

भगवंतरावांनी स्टेअरिंग फिरवलं. काहीतरी घासल्याचा आवाज झाला आणि मग कोणी पडल्याचा. सायकलवर एक म्हातारा होता, कॅरिअरला पालकाच्या जुड्या बांधलेल्या. तो रस्त्यावर बसला होता, गुडघा सोलला होता, आणि पालक सगळीकडे पसरला होता. आपल्याकडे गर्दीला बोलवावं लागत नाही, ती जमली. भगवंतराव घाबरले होते. घाबरलेला माणूस ओरडतो, आणि ओरडायला सगळ्यात जवळचा माणूस शोधतो.

"डोळे फुटले काय बे तुये? एवढा माणूस दिसत नाही? बसतं कायले मंग समोर?"

सगळ्या चौकाने ते ऐकलं. गफ्फारभाई दार धरून खाली उतरले, म्हाताऱ्यापाशी गेले आणि त्याला उठवायला हात पुढे केला. तो हात म्हाताऱ्याच्या थोडा बाजूला, हवेतच राहिला. म्हाताऱ्यानेच शेवटी तो धरला आणि उठला. भगवंतरावांनी हे पाहिलं, पण त्यांचं लक्ष गाडीच्या पत्र्यात अडकलं होतं.

म्हाताऱ्याला मलमपट्टी करून, त्याचा सगळा पालक विकत घेऊन त्याला पाठवलं. घरी आल्यावर दोघं टीव्हीसमोर बसले. कुठल्याशा गावची बातमी आली, पण गफ्फारभाईंनी गाव विचारलं नाही. संध्याकाळी बडनेऱ्याला जाताना डबल बेल वाजली नाही. भगवंतरावांनी गाडी तशीच काढली.

पुढच्या रविवारी ते फलाटावर उभे राहिले. पॅसेंजर आली, माणसं उतरली, गेली. भगवंतरावांनी प्रत्येक बाकावर पाहिलं. अकोल्याला फोन लावला तर खुर्शीदबींनी उचलला. "भाईसाब, उनकी तबियत जरा नरम है. सो रहे." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, झोपलेत. भगवंतरावांचा अहंकार काही कमी नव्हता. चूक त्याची, सायकल त्याला दिसली नाही, आणि रुसूनही तोच बसतो? राहा म्हणावं. त्यांनी गाडीवर कापड टाकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पण रविवार हा वार असा आहे की तो कापड टाकून झाकता येत नाही. सकाळ जायची, दुपार काही केल्या जायची नाही. एका रविवारी टीव्हीवर बातमी लागली, खाली अक्षरं सरकू लागली आणि भगवंतराव मोठ्याने म्हणाले, "तिवसा तालुका म्हणते. गावाचं नाव..." आणि थांबले. बाजूच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. गेल्या कित्येक रविवारांची सवय तोंडाला लागली होती, तोंडाने ती पाळली. त्यांनी टीव्ही बंद केला. घरात इतकं शांत झालं की त्यांनी तो लगेच पुन्हा लावला.

त्या दिवशी अमोलच्या फोनवर त्यांनी पहिल्यांदाच स्वतः विषय काढला. "गफ्फार येत नाही रे."

"मग तुम्ही जा ना बाबा. आरसा लावून घ्या आणि जा."

शनिवारी राजापेठेत एका दुकानात डावा आरसा बसला. भगवंतरावांना पहिल्यांदा बसल्या जागेवरून आपल्या गाडीची डावी बाजू दिसली. मागच्या दारावर सायकलीने ओढलेली रेघ होती.

रविवारी सकाळी ते निघाले. डाव्या सीटवर संत्र्यांची पिशवी ठेवली होती, आणि प्रत्येक ब्रेकला त्यातली दोन-चार संत्री खाली घरंगळत. मूर्तिजापूरच्या पुढे कापसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या रांगेने चालल्या होत्या. त्यांना मागे टाकताना भगवंतराव आरशात पाहायचे, विश्वास बसायचा नाही, पुन्हा पाहायचे आणि मग स्वतःच पुटपुटायचे, "आन दे, आन दे." आरसा चोख काम करत होता. त्याच्याबद्दल तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि भगवंतरावांना तो अजिबात आवडला नाही. एवढ्या रस्त्यात तो एक शब्द बोलला नाही.

अकोल्यात डेपोमागच्या गल्लीत गफ्फारभाईंचं घर. दार उघडंच होतं. आत टीव्ही मोठ्याने चालू होता आणि गफ्फारभाई खुर्चीवर ताठ बसले होते. भगवंतराव उंबऱ्यात उभे राहिले. मित्र टीव्ही पाहत होता, पण तोंड टीव्हीकडे नव्हतं, बाजूच्या कपाटाकडे होतं. कान तेवढा टीव्हीकडे होता.

"कोण?" गफ्फारभाईंनी विचारलं. "जुबेर?"

दोघांमध्ये एका खाटेचं अंतर होतं. भगवंतरावांच्या हातातली पिशवी जड झाली. आतून खुर्शीदबी आल्या, त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, "भाईसाब आए." मग चहाचं निमित्त करून आत गेल्या.

"बस ना मंग," गफ्फारभाई म्हणाले. "उभा काहून हायेस?"

भगवंतराव खाटेवर बसले. काय विचारायचं ते त्यांना कळत होतं, कसं विचारायचं ते कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "कधीपासून?"

"डावा गेला मागच्या साली, पोळ्याच्या टायमाले. उजव्यात भोकाएवढं दिसते. काचबिंदू म्हणते डॉक्टर. गेलं ते वापस येत नाही, आहे ते राहिलं तं राहिलं."

"म्हंजे सालभर तू मले आन दे, आन दे..."

"कानानं." गफ्फारभाईंच्या चेहऱ्यावर जरा अभिमान आला. "ऑटोचा आवाज येते, फटफटीचा येते. म्हैस चालली तं तिचाही येते. सालभर बराबर सांगतलं का नाही?"

"सांगतलं."

"त्या सायकलीले घंटीच नोती, भगवंता."

टीव्हीवर कोणीतरी कोणालातरी प्रश्न विचारत होतं. भगवंतरावांना तो हवेत राहिलेला हात आठवला. फलाटावरचा बाक आठवला, उघडी काच आठवली. चौकात, माणसांसमोर आपण काय ओरडलो ते आठवलं, आणि त्यांना रडू आलं. डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला, मग लक्षात आलं की समोरच्यापासून लपवायची गरजच नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

"चुकलो बे," ते म्हणाले. "पण सांगतलं काहून नाही मले?"

गफ्फारभाईंनी रिमोट चाचपून टीव्हीचा आवाज कमी केला. "सांगतलं असतं तं तू मले गाडीत बसवलंच असतं. तुले मी ओळखतो. पण सवारी म्हणून बसवलं असतं. उभी जिंदगी मी सवाऱ्या बसवल्या अन् उतरवल्या. सवारी उतरली का ड्रायव्हरले तिचं तोंडही याद राहत नाही. मले तुह्या गाडीत काम पायजे होतं."

खुर्शीदबींनी चहा आणला, तो भगवंतरावांनी बशीत ओतून दोन घोटांत संपवला. मग उठले आणि म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"कुठं नाही. चक्कर मारू."

गफ्फारभाई नको नको म्हणाले. पण खुर्शीदबींनी त्यांची टोपी आधीच हातात आणून दिली होती. बाहेर गाडीपाशी ते आपले आपण गेले, हात पत्र्यावरून सरकवत, कडी शोधत. आणि हात त्या नव्या आरशाला लागला. त्यांनी तो वरून खालून चाचपला. तव्याला लागावा तसा हात मागे घेतला.

"आरसा लावला?"

"हो."

"बरं केलं." ते एक पाऊल मागे सरले. "अमोल कधीचा सांगून राहिला होता. बरं केलं. मंग मी मागं बसतो."

आणि ते खरंच मागच्या दाराची कडी शोधू लागले. इतक्या वर्षांत भगवंतरावांनी मित्राला पुष्कळ शिव्या दिल्या होत्या, पण एका काचेच्या तुकड्याने त्याला असं मागे सारावं, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी पुढचं दार उघडलं, सीटवर उरलेली संत्री ओंजळीने मागे फेकली.

"मागं सवाऱ्या बसतात," ते म्हणाले. "तू समोर बस."

गफ्फारभाई बसले. भगवंतराव त्या बाजूला वाकले आणि आरसा आत दुमडू लागले. तो नवा, घट्ट होता, करकरला.

"उघडा ठेव," गफ्फारभाई आतून म्हणाले. "येड्यावानी करू नको. ज्याले दिसते त्यानं पाहावं."

भगवंतरावांनी आरसा उघडला, फिरून आपल्या जागी आले, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. गाडी हलली नाही. गल्लीतल्या माणसांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. इंजिन नुसतं घरघरत राहिलं.

"काय झालं?" गफ्फारभाईंनी विचारलं.

"घंटी नाही झाली."

"आता कायची घंटी? आरसा हाय ना तुयाजवळ."

"आरशाले घंटी देता येते काय बे?"

गफ्फारभाईंचा हात मांडीवर होता, तो उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर बसला. मग त्यांनी काच खाली केली.

"डावीकडे काय हाय, सांग आधी."

भगवंतराव डावीकडे वळले. आधी मित्राचा चेहरा दिसला, दाढीचे पांढरे खुंट, पापणी न हलवता समोर लावलेले डोळे. त्याच्या पलीकडे गल्ली होती. "भिंत हाय," ते सांगू लागले. "भिंतीवर गोधड्या वाळत घातल्या. एक बाई गहू निवडून राहिली. शेळी हाय, बांधेल हाय. अन् भिंतीले टेकून एक सायकल उभी हाय. बाकी खाली हाय."

"सायकलीले घंटी हाय का?"

भगवंतरावांनी नीट वाकून पाहिलं.

"हाय."

गफ्फारभाईंनी हात पुढे केला, समोरचा पत्रा चाचपला आणि बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवलं. मग भगवंतरावांनी गाडी काढली.